सरावाचा माणूस

रोहिदासच्या तोंडून शिवी सहज निघायची, पण समोरच्याशी चार समजुतीचे शब्द बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. चाकणच्या ज्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, तिथे मोटारींची सीटं बनायची. फोमवर कव्हर चढवायचं, जोर लावून ओढायचं, खालून पट्टी अडकवायची आणि सीट पुढे सरकवायची. असल्या कामात समजुतीची गरज कुणाला पडते? लाईनवर ओरडलं की काम होत होतं. म्हणून सगळ्या सुपरवायझरांना 'अवघड बोलणी कशी करावीत' याचं ट्रेनिंग आहे असा निरोप आला, तेव्हा तो मोठ्याने हसला. "आमी सोपं तरी कवा बोललो?" असं शेजारच्या लाईनवाल्याला म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

ट्रेनिंग घ्यायला एचआरच्या तनुजा मॅडम होत्या. राहायला वाकडला, वयाने रोहिदासपेक्षा लहान, स्वतः गाडी चालवत यायच्या. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"भाषण ऐकून पोहता येत नाही, पाण्यात उतरावं लागतं," त्या म्हणाल्या. "तसंच हे. आपण नाटक करायचं. एकाने सुपरवायझर व्हायचं, एकाने कामगार. टाळी वाजली की सुरू, टाळी वाजली की बंद. आणि शेवटची टाळी कधीही विसरायची नाही. टाळी झाली की समोरच्याला त्याच्या नावाने हाक मारायची, हसायचं, पाणी प्यायचं. नाहीतर खेळातलं खेळात राहत नाही, माणूस ते घरी घेऊन जातो."

प्रत्येकाला एकेक प्रसंग वाटून दिला. कुणाला दारू पिऊन आलेला माणूस मिळाला, कुणाला रोज उशिरा येणारा. रोहिदासच्या वाट्याला आलं ते माणसाला कामावरून कमी केल्याचं सांगणं. त्याचे नियमही मॅडमनी घोटून घेतले. आधी बसवायचं, पाणी द्यायचं. बातमी पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाकायची, घोळ घालायचा नाही. खोटी आशा लावायची नाही. समोरचा रडेल, भांडेल किंवा गप्प बसेल, त्या तिन्हीची तयारी ठेवायची.

रोहिदास उभा राहिला आणि समोरच्या सुपरवायझरला "उद्यापासून येऊ नका" म्हणता म्हणता फिसकन हसला. रोज एका डब्यात जेवणारा दोस्त, त्याला कसला काढतोय! दुसऱ्यांदा केलं, पुन्हा हसला. तिसऱ्यांदा तर दोघंही पोट धरून बसले.

"रोहिदास, तुम्हाला घरचा अभ्यास," मॅडम म्हणाल्या. "चहाच्या सुट्टीत रोज सराव करा. तुमच्याच लाईनवरचा एखादा खराखुरा कामगार समोर बसवा, म्हणजे हसू येणार नाही."

मॅडमच्या पुस्तकात हे कुठे लिहिलेलं होतं की त्यांना तेव्हाच सुचलं, देव जाणे. पण घोडं पेंड खातं ते इथेच.

रोहिदासने सोपानरावांना धरलं. सोपानराव मूळचे लातूरकडचे. पिंपळे गुरवला एका खोलीत ते आणि त्यांची बायको शालनबाई राहायचे. त्यांच्याइतकं घट्ट आणि सुरकुती न ठेवता कव्हर ओढणारा माणूस लाईनवर दुसरा नव्हता. पण माणूस कंत्राटी. दर काही काळाने ठेकेदार बदलायचा, छातीवरच्या कार्डावरचं नाव बदलायचं, माणूस तोच आणि त्याच्या अंगातला करडा शर्टही तोच. निळा शर्ट पर्मनंट लोकांचा. त्या निळ्या शर्टासाठी सोपानरावांचा जीव टांगलेला होता. ते हे लपवतही नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, कारण गप्प बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं.

"साहेबांची परीक्षा हाय म्हना की," सोपानराव खुलले. "मग बसा. मी असा रडतो बगा, मॅडमच्या डोळ्यातनं पानी काढतो."

कँटीनच्या मागे फोमचे ठोकळे रचलेले असायचे. दोन ठोकळ्यांवर दोघं समोरासमोर बसायचे, मधे चहाचे कागदी कप. रोहिदास टाळी वाजवायचा.

"सोपानराव, बसा. पानी घ्या. वाईट बातमी हाय. लाईनचं काम कमी झालंय. उद्यापास्नं तुमाला येता येनार न्हाई."

"असं कसं साहेब!" सोपानराव कपाळावर हात मारून घ्यायचे. "एवढी वर्सं कव्हरं वडली, बोटं बगा माझी! आता ह्या वयात कुनाच्या दारात जाऊ? शालनला काय तोंड दावू?" आणि मग एक डोळा उघडून हळूच विचारायचे, "बरं रडलो का?"

रोहिदासला पुन्हा हसू फुटायचं.

"तुमी हसायलाव साहेब. हसल्यावर कोन खरं मानंल?" सोपानराव चहाचा घोट घेऊन शिकवणी द्यायचे. "मधी असं म्हना, 'ह्ये खरंय सोपानराव, नाटक न्हाई.' डोळ्यात बगून म्हना. मग माझ्याबी पोटात गोळा यील."

तेवढं वाक्य रोहिदासने उचललं. रोज म्हणू लागला. खरंच त्याने फरक पडला, हसू थांबलं. रडणारा माणूस झाला, भांडणारा झाला. भांडताना सोपानरावांनी एकदा चहाचा कप असा भिरकावला की कँटीनवाला धावत आला. राहिला तो गप्प बसणारा.

"तेवढं मला सांगू नका," सोपानराव म्हणाले. "माझ्यानं हुनार न्हाई. ते दुसऱ्या कुनासंगं करा."

दुसऱ्या कुणासंगं रोहिदासने केलं नाही.

एकदा उलटंही करून बघा, असं मॅडमनी सांगितलं होतं. सुपरवायझरने कामगाराच्या जागी बसायचं, म्हणजे त्याला काय वाटतं ते कळतं. खेळ खराखुरा व्हावा म्हणून सोपानराव म्हणाले, शर्ट बदलू. रोहिदासने निळा शर्ट काढून दिला आणि स्वतः करडा घातला. सोपानरावांनी सगळी बटणं लावली, कॉलर ताठ केली, कँटीनच्या काचेत एकदा या अंगाने आणि एकदा त्या अंगाने पाहिलं. मग ठोकळ्यावर साहेबासारखे बसले.

"रोहिदास, बसा. पानी घ्या. बातमी चांगली हाय. उद्यापासून तुमी पर्मनंट."

"आवो, तुमी मला काढायचंय!"

"ते माझ्यानं हुईना बगा. ज्याच्या अंगात असला शर्ट हाय, त्यानं कुनाला कशाला काढावं?"

चहाची सुट्टी संपली तरी त्यांनी शर्ट लगेच काढला नाही. काढताना घडी घालून दिला आणि म्हणाले, "परीक्षा झाली की तुमी वर जाताव. मग आमच्या शर्टाचं तेवढं बगा."

"बघू की," रोहिदास म्हणाला. 'बघू' म्हणायला काही पडत नाही. आपल्याकडे निम्मा कारभार 'बघू'वरच चालतो. पण सोपानरावांनी ते होकारात धरलं आणि रोहिदासने धरू दिलं.

मग एका दुपारी तनुजा मॅडमनी रोहिदासला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं. त्यांनीही घोळ घातला नाही. नव्या मॉडेलची सीटं दुसऱ्या राज्यात बनणार होती. लाईन बंद. कंत्राटी माणसं टप्प्याटप्प्याने जाणार. ट्रेनिंग होतं ते यासाठीच. प्रत्येक सुपरवायझरने आपापल्या माणसांना सांगायचं.

"सुरुवात सोपानरावांपासून करू," त्या म्हणाल्या. "तुमचा सराव सगळ्यांत चांगला झालाय. पहिलं बोलणं नीट झालं की बाकीच्यांना धीर येईल."

रोहिदास खुर्चीतून अर्धा उठला. "मॅडम, लाईनवरचा सगळ्यात चांगला मानूस हाय तो."

"माहीत आहे मला."

"मंग दुसऱ्या लाईनवर टाका. मी हात जोडतो. न्हाईतर दुसऱ्या कुनाला सांगायला लावा, मी न्हाई सांगनार."

"दुसऱ्याने सांगितलं म्हणून माणूस राहणार आहे का?" मॅडमचा आवाज खरोखर मऊ होता. "फरक एवढाच पडेल की त्यांना परक्याच्या तोंडून ऐकावं लागेल. हे वरून ठरलंय. माझ्या हातात असतं तर... आणि हे बघा, उद्या शिफ्ट सुटताना आपण सांगू, तोवर कुणाला कळता कामा नये. बाहेर फुटलं तर तुमचंही कठीण होईल, माझंही."

मॅडमच्या हातात नव्हतं, मॅनेजरच्या हातात नव्हतं, त्याच्या वरच्यांच्याही नव्हतं. मग होतं तरी कुणाच्या, हे रोहिदासला शेवटपर्यंत कळलं नाही. ज्या जागेवर तो केबिनबाहेर उभा राहिला, तिथे त्याच्या लहानपणी घरचं कांद्याचं रान होतं. जमीन गेली आणि तिच्या बदल्यात ही नोकरी आली. स्वतःच्या रानात उभं राहून एका माणसाला 'थांबा' म्हणायची त्याची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीला सोपानराव दोन कप घेऊन हजर. "चला साहेब. आता परीक्षा जवळ आली आसंल."

रोहिदास नाही म्हणू शकला असता. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. तो जाऊन ठोकळ्यावर बसला, टाळी वाजवली आणि बोलला. पहिल्याच वाक्याला त्याचा आवाज फाटला. "ह्ये खरंय सोपानराव, नाटक न्हाई," हे म्हणताना त्याला समोरचा माणूस धड दिसेना.

सोपानराव आ वासून बघत राहिले. रडायचं विसरले. मग स्वतःच टाळी वाजवली आणि रोहिदासच्या पाठीवर थाप मारली. "आज जमलं! आज अंगावर काटा आला माझ्या. आसंच करा साहेब, पास हुताव बगा!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. कुणाला कळू देऊ नका ही मॅडमची ताकीद होती, हे खरं. पण रोहिदास ताकिदीला घाबरला नाही. तो सोपानरावांच्या चेहऱ्याला घाबरला. कप उचलून ते हसत लाईनकडे गेले आणि हा मूग गिळून तिथेच बसून राहिला.

त्याच दिवशी पहिली शिफ्ट सुटता सुटता सोपानरावांना काचेच्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. टेबलावर पाण्याची बाटली, टिश्यूचा डबा. एका बाजूला रोहिदास. कोपऱ्यातल्या खुर्चीत तनुजा मॅडम, कारण एचआरचं माणूस हजर असावं असा नियम होता. सोपानराव दारातून आत आले, कोपऱ्यातल्या मॅडमना त्यांनी पाहिलं आणि सगळं ओळखलं. म्हणजे, ओळखलं असं त्यांना वाटलं. परीक्षा आज होती. त्यांनी रोहिदासकडे बघून मान हलवली, काळजी करू नका, मी आहे.

"सोपानराव, बसा," रोहिदास म्हणाला. "पानी घ्या."

"कशाला बलिवलं साहेब?" सोपानरावांनी घाबरलेला आवाज काढला. पाणीसुद्धा ते घाबरल्यासारखे प्यायले.

"वाईट बातमी हाय. लाईनचं काम कमी झालंय. उद्यापास्नं तुमाला येता येनार न्हाई."

मग सोपानरावांनी जे केलं तसं त्यांनी ठोकळ्यांवर कधी केलं नव्हतं. इतक्या दिवसांची सगळी शिदोरी त्यांनी त्या खोलीत सोडली. कपाळ बडवलं, बोटं दाखवली, शालनबाईचं नाव घेतलं, टेबलावर डोकं टेकलं. आपल्या साहेबांना पैकीच्या पैकी मार्क पडावेत म्हणून तो माणूस धाय मोकलून रडला. कोपऱ्यात मॅडमचे डोळे खरोखर भरून आले. "आम्ही तुमचं दुःख समजू शकतो, सोपानराव," त्या म्हणाल्या. टेबलावर टेकलेल्या डोक्याखालून सोपानरावांनी रोहिदासला डोळा मारला.

रोहिदास टेबलावर पुढे वाकला. "सोपानराव," तो म्हणाला, "ऐका माझं. ह्ये खरंय. नाटक न्हाई."

सोपानरावांनी डोळ्यांवरून हात फिरवला आणि कौतुकाने मान डोलावली. ते वाक्य त्यांनीच तर शिकवलं होतं.

"आवो, खरंच खरंय! मी शपथ घेतो!"

"असं नका करू साहेब," सोपानरावांनी नव्याने हंबरडा फोडला. शपथेचं हे नवीन होतं, पण त्यांनी सांभाळून घेतलं.

सही करायचा कागद नव्हता. पर्मनंट माणसाला पत्र असतं, हिशेब असतो. कंत्राटी माणसाचं नुसतं कार्ड बंद होतं. बाकी काय असेल ते ठेकेदार बघतो. सोपानरावांच्या हातात काहीतरी ठेवून 'हे बघा' म्हणावं असं त्या खोलीत काहीच नव्हतं. मॅडमनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, दार उघडून धरलं आणि पटकन तोंड फिरवून टिश्यू घेतला. टाळी काही वाजली नाही. कोण वाजवणार?

रोहिदास मागोमाग पळाला. सोपानराव पॅसेजमध्ये त्याचीच वाट बघत होते. चेहरा कोरडा, डोळे चमकत होते.

"झालाव का पास?"

"सोपानराव, तुमी गैरसमज करून घेतलाय. ती परीक्षा नव्हती..."

"हळू बोला, मॅडम काचेतनं बगायल्यात," सोपानराव कुजबुजले. "त्या टाळी वाजवायच्या इसरल्या की काय? आजून चालूच हाय? रडायच्या नादात इसरल्या असत्याल. बाई मानूस कवळं असतं."

"तुमी उद्या येऊ नका. मी सांगतो त्ये ऐका."

"येत न्हाई, येत न्हाई!" काचेपलीकडच्या मॅडमना दिसेल असा चेहरा सोपानरावांनी पुन्हा दुःखी केला. खाली बसने हॉर्न दिला, तसे ते जिने उतरून धावत गेले. बसच्या खिडकीतून त्यांनी हात केला. रोहिदासने हात वर केला आणि तो तसाच राहिला.

संध्याकाळी अंगणात फेऱ्या मारून मारून त्याने शेवटी फोन लावला. शालनबाईंनी उचलला.

"ते बाहेर गेलेत साहेब. तुमी मोठ्या परीक्षेत पास झालाव म्हनं. लई खूश हायेत. म्हनले, साहेबांसाठी पेढे आनतो, उद्या लाईनवर वाटायचे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "साहेब, बोलूने पर बोलते. त्यांच्या शर्टाचं तेवढं ध्यानात ठेवा."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ज्याला पहिल्या दोन वाक्यांत बातमी सांगायची असं घोटून घोटून शिकवलं होतं, तो म्हणाला, "काही न्हाई वहिनी, सहज केला होता." आणि त्याने फोन ठेवला. त्याच्या बायकोने, दिपालीने, जेवायला वाढलं ते तसंच झाकून राहिलं.

सकाळी गेटवर बसगाड्या रिकाम्या होत होत्या. कार्ड लावलं की दांडा फिरायचा, माणूस आत यायचा. रोहिदास आतल्या बाजूला आधीच येऊन उभा होता. सोपानराव रांगेतून पुढे आले. करडा शर्ट इस्त्री केलेला, हातात दोरा बांधलेला पेढ्यांचा खोका. त्यांनी कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, शर्टाला पुसून तिसऱ्यांदा लावलं.

"बाजूला व्हा मामा, कार्ड बंद झालंय तुमचं," गार्ड म्हणाला आणि रांग दुसऱ्या दांड्याकडे वळवू लागला.

सोपानरावांना रोहिदास दिसला, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी खोका उंच धरून दाखवला. "साहेब! बगा की, काल मॅडम टाळी वाजवायच्या राहिल्या, तर ह्ये मशीनबी अजून नाटकच धरून बसलंय. तेवढी टाळी वाजवा, म्हंजे उघडंल!"

रोहिदासचे दोन्ही हात खरोखर छातीपर्यंत आले. टाळी वाजवणं सगळ्यांत सोपं होतं. पण टाळीने दांडा फिरणार नव्हता.

"सोपानराव," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्यालाच ओळखू आला नाही. "कालचं खरं व्हतं."

सोपानराव हसत होते. त्यांनी रोहिदासच्या डोळ्यांत बघितलं, ओठांच्या कोपऱ्याकडे बघितलं, कुठे तरी हसू दबलेलं असेल म्हणून बघत राहिले. मग त्यांचं स्वतःचं हसू हळूहळू उतरलं.

"बसा," रोहिदास म्हणाला. बसायला तिथे काही नव्हतं. "पानी घ्या. पानी आनू का? ठेकेदाराशी मी बोलतो. म्हंजे... तसं न्हाई, खोटी आशा न्हाई लावत. पर काय तरी बोला सोपानराव. शिव्या घाला. मला घाला."

सोपानराव बोलले नाहीत. रडले नाहीत, भांडले नाहीत. दांड्याच्या पलीकडे ते गप्प उभे राहिले. आजूबाजूने माणसं आत येत होती, दांडा फिरत होता. गप्प बसणाऱ्या माणसाशी काय बोलायचं याचा सराव राहून गेला होता. थोड्या वेळाने सोपानरावांनी दांड्यावरून हात लांब करून खोका गार्डच्या टेबलावर ठेवला, गळ्यातलं कार्ड काढून त्याच्याशेजारी ठेवलं आणि ते रस्त्याकडे चालू लागले. रोहिदास दांड्याला धरून बघत राहिला.

रांग संपली तसा गार्ड टेबलापाशी आला. त्याने खोका उचलून बघितला, दोरा सोडला.

"कशाचे ओ पेढे, साहेब?"

"मी पास झालो, त्याचे," रोहिदास म्हणाला.

"अरे वा!" गार्डने एक तोंडात टाकला आणि खोका त्याच्यापुढे धरला. "मग घ्या की, तोंड गोड करा."